ऑफिसात वाटायला फेल्टची व्हॅलेंटाइन बिस्किटं: मदत हवी आहे

वूस्टरकरीण | १७ जानेवारी २०२४

नमस्कार मंडळी. परवाच संक्रांत झाली, तिळगुळाचा डबा अजून संपलेला नाही आणि मी फेब्रुवारीचं घेऊन बसले आहे. कारण एकच, माझा हात भलताच सावकाश चालतो.

मी मॅसॅच्युसेट्समध्ये वूस्टरजवळ राहते. (स्पेलिंगवर जाऊ नका. पहिले सहा महिने मी 'वॉर्सेस्टर' म्हणत फिरले आणि एकानेही तोंडावर दुरुस्त केलं नाही.) एका इस्पितळाच्या लॅबमध्ये नोकरी. आमच्या शिफ्टला चौदा माणसं. १४ फेब्रुवारीला ब्रेकरूमच्या टेबलावर चॉकलेटं, कपकेक, गुलाबी साखर लावलेल्या बिस्किटांचा ढीग पडतो. त्यात प्रेमबिम काही नसतं. इथल्या बहुतेक शाळांत मुलांना सांगून ठेवलेलं असतं, वर्गात व्हॅलेंटाइनची कार्डं आणायची तर सगळ्यांसाठी आणा, नाहीतर कुणासाठीच नको. तीच सवय मोठेपणी ऑफिसात येते.

गेल्या वर्षी मी हौसेने शेंगदाण्याची चिक्की नेली. डबा उघडला आणि एक जण खुर्ची मागे सारून थेट खोलीबाहेर गेली. तिला शेंगदाण्याची ॲलर्जी, तीही साधीसुधी नाही. मी डब्यासकट गाडीत जाऊन बसले, येऊन टेबल दोनदा पुसलं. शिवाय एकीला ग्लुटन चालत नाही, एकाला मधुमेह, आणि लॅबच्या दाराआत खाण्याचा कणही न्यायची बंदी. म्हणून यंदा खायचं काहीच नको. फेल्टची, बिस्किटासारखी दिसणारी बदामाच्या आकाराची काहीतरी वस्तू करावी, असं डोक्यात आहे.

भरतकामाचं शिक्षण म्हणजे सातवीत शिवणाच्या तासाला रुमालावर घातलेला धावदोरा आणि उलटी टीप. तोही रुमाल निम्मा आईने पूर्ण केला होता. तर:
कुठलं फेल्ट घ्यावं? शिवावं की ग्लू गनने चिकटवावं? आणि चार आठवड्यांत चौदा होतील का?

टाकाटाकी | १७ जानेवारी

होतील की! फेल्टसारखं गरीब कापड नाही. ते विणलेलं नसतं, त्यामुळे कापलं तरी कडेने दशा सुटत नाहीत, कड दुमडायची नाही, उलटंसुलटं बघायचं नाही. नवशिक्यासाठी उत्तम.

तिकडे क्राफ्टच्या दुकानात ९ बाय १२ इंचाची शीट मिळते ती बहुतेक पॉलिएस्टर किंवा ॲक्रिलिकची. स्वस्त, रंग भरपूर. लोकर मिसळलेलं फेल्ट जाड, देखणं आणि महाग. चौदा जणांना वाटायला साधं घे. फक्त शीट उजेडासमोर धरून बघ. आरपार दिसत असेल तर परत ठेव, त्यातून आतला कापूस डोकावतो.

३ इंची बदाम केलास तर एका शीटमध्ये तीन गुणिले चार असे बारा निघतात. पुढचा-मागचा धरून चौदा जणांचे २८, म्हणजे बिस्किटी रंगाच्या तीन शीट. वरचं 'आयसिंग' अडीच इंची कर, गुलाबी, पांढऱ्या आणि लाल रंगाची एकेक शीट पुरून उरेल.

ग्लू गन कपाटात ठेव. पातळ फेल्टमधून गोंद वर येतो, गार झाला की तिथे खडा होतो आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे तार निघतात ते वेगळेच. शिव.

नलूकाकू | १८ जानेवारी

वूस्टरकरीण, सातवीतला रुमाल आईने केला हे कबूल केलंस म्हणून तुला माफ.

बाहेरच्या कडेला काजटाका घाल, ज्याला तुम्ही मुली ब्लँकेट स्टिच म्हणता. दोरा कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एवढाच घ्यायचा. आळशी माणूस लांब दोरा घेतो आणि निम्मा वेळ गुंता सोडवत बसतो. गाठ दोन थरांच्या मध्ये लपव. सुई मागून पुढे काढ, दोऱ्याचा फास सुईखाली धर आणि ओढ, पण करकचून नको. फेल्ट आवळलं की कडेला झालर पडल्यासारखं दिसतं.

बदामाची खरी परीक्षा दोनच जागी असते, खालचं टोक आणि वरची खाच. दोन्हीकडे एकाच भोकातून तीन टाके घे, एक अलीकडे झुकलेला, एक सरळ, एक पलीकडे. मग कोपरा भरल्यासारखा दिसतो. नाहीतर टोकाशी दोरा घसरून तिरपा पडतो आणि सगळी शोभा जाते.

भरतकामाच्या दोऱ्याच्या लडीत सहा पदर असतात. दोनच वापर. लडी ८ मीटरची असते, दोन-दोन पदर वेगळे केलेस की २४ मीटर दोरा झाला. या टाक्याला कडेच्या लांबीच्या साधारण तिप्पट दोरा लागतो. तुझ्या बदामाची कड दहा इंच धर, म्हणजे एकाला तीस इंच. एक लडी चौदा जणांना सहज पुरते. दुकानात जाऊन दहा लड्या उचलू नकोस.

वूस्टरकरीण | १८ जानेवारी

काकू, दहाच उचलल्या होत्या हो. आजच. तुम्हाला कसं कळलं?

चहा_बिस्किट | १८ जानेवारी

शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या बाईला तू 'बदाम' देणार आहेस, हे फक्त मराठी माणसालाच टोचेल. :D

रोखठोक_राव | १८ जानेवारी

धागा वाचून करमणूक झाली. कार्ड कंपन्यांनी काढलेलं हे फॅड, त्यासाठी चार आठवडे डोळे फोडायचे? संक्रांतीचं वाण वाटा की त्या लोकांना. आपलं ते कारटं आणि त्यांचा तो बाब्या, अशी सगळी तऱ्हा.

वूस्टरकरीण | १९ जानेवारी

राव, कार्ड कंपनीचं म्हणाल तर ती कंपनी माझ्याच गावची! एस्थर हाउलंड नावाची बाई होती. वडिलांचं इथे वूस्टरमध्ये कागद-पेनांचं दुकान. १८४७ मध्ये कॉलेज संपलं, मग इंग्लंडहून आलेलं एक लेस लावलेलं व्हॅलेंटाइन तिच्या हाती पडलं आणि तिला वाटलं, हे आपणही करू. तिने नमुने केले, भाऊ फिरतीवर विक्रीला जायचा त्याच्याबरोबर दिले. सांगतात की दोनशे डॉलरची मागणी येईल म्हणून वाट बघत होती आणि आली पाच हजारांची. मग तिने मैत्रिणींना घरी बसवलं. एकीने चित्र कापायचं, दुसरीने लेसचा कागद लावायचा, तिसरीने चिकटवायचं. आपल्याकडे दिवाळीत चाळीतल्या बायका करंज्या करायला बसतात तसं, एक लाटतेय, एक भरतेय, एक कातरतेय. कार्डामागे लाल 'एच' छापायची. १८८१ मध्ये धंदा जॉर्ज व्हिटनीला विकून मोकळी झाली.

बाकी वाणाचं म्हणाल, तर मी तेच तर करतेय. वाण म्हणजे तरी काय, घरी आलेल्या प्रत्येकीला सारखीच वस्तू, तिची आणि आपली मैत्री असो-नसो. यंदा रथसप्तमी १६ फेब्रुवारीला आहे, म्हणजे १४ तारीख वाणाच्या हंगामातच पडते. झालं समाधान?

रोखठोक_राव | १९ जानेवारी

अर्धं झालं. भाऊ फिरतीवर पाठवण्याची कल्पना आवडली.

माणदेशी | १९ जानेवारी

आपल्याकडं घोंगडं म्हणजे फेल्टच की. हजार वर्षं झाली आपण वापरतोय आणि हे आज नवं म्हणून सांगताय.

टाकाटाकी | १९ जानेवारी

माणदेशी भाऊ, तेवढं नाही पटत. घोंगडं मागावर विणतात, त्याला ताणा-बाणा असतो, चिंचोक्याची खळ देतात म्हणून ते तसं ताठ लागतं. फेल्टला विणच नसते. लोकरीच्या केसावर बारीक खवले असतात. ओल, ऊब आणि घासणं तिन्ही मिळालं की ते एकमेकांत अडकतात आणि सुटत नाहीत. आपल्या देशात खरं फेल्ट बघायचं तर काश्मीरचा किंवा राजस्थानातल्या टोंकचा नमदा. लोकरीचा स्वेटर चुकून गरम पाण्यात धुतला आणि तो पोराच्या मापाचा झाला, तर ते घरच्या घरी केलेलं फेल्टच.

वूस्टरकरणीच्या दुकानातलं मात्र यातलं काहीच नाही. पॉलिएस्टरच्या तंतूंना काटेरी सुयांनी टोचून टोचून अडकवलेलं असतं.

माणदेशी | २० जानेवारी

ताणा-बाण्याचं बरोबर आहे. आमच्या आजोबांचा माग होता, मला कळायला हवं होतं. चूक मान्य.

वूस्टरकरीण | २१ जानेवारी

पहिला नमुना झाला. फोटो टाकत नाही, कारण तो बदाम कमी आणि वांगं जास्त दिसतोय. अडचणी:

१) पेन्सिलची रेघ फेल्टवर उमटतच नाही. बॉलपेनने काढली तर कापल्यावर कडेला निळी किनार राहिली.
२) दोन बाजू सारख्या कापल्या जात नाहीत. कात्री लावली की खालचा थर पळतो.

नलूकाकू | २१ जानेवारी

दोन थर एकदम कापायला सांगितलं कुणी? एकेक काप.

रेघेसाठी पांढऱ्या साबणाची झिजून पातळ झालेली चिपटी घे. आमचे शिंपी खडू नसला की तीच वापरत. गडद कापडावर स्वच्छ रेघ येते आणि हाताने झटकली की जाते. बिस्किटी रंगावर दिसणार नाही म्हणशील तर रंगीत साबण घे, पण आधी कोपऱ्यात डाग पडतो का बघ. खाका जाड पुठ्ठ्याचा कर, लग्नपत्रिकेचा उत्तम होतो.

आणि कात्री कुठली वापरलीस? ज्या कात्रीने दुधाची पिशवी कापतेस ती असेल तर बोलूच नकोस. कापडाची कात्री वेगळी. तिने कागद कापणाऱ्याला आमच्या घरी जेवण मिळत नसे.

निमूट_वाचक | २१ जानेवारी

पहिलाच प्रतिसाद देतोय या संस्थळावर. बारीक तुकडे कापायला फेल्टवर सेलोटेप चिकटवून टेपसकट कापावं. कापड हलत नाही, टेपवर पेन चालतं, नंतर टेप सोलून काढायची. मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टमध्ये शिकलो.

चहा_बिस्किट | २२ जानेवारी

निमूटभाऊ, किती वर्षं निमूट होतात? असे अजून काय काय दडवून ठेवलंय?

न्यूजर्सीचा_नाना | २२ जानेवारी

क्राफ्टमधलं मला शून्य कळतं, पण एचआरमधलं थोडं कळतं. त्या गोळ्या असतात ना इकडे, बदामाच्या आकाराच्या, ज्यांवर 'बी माइन', 'किस मी' छापलेलं असतं, तसलं काही बिस्किटावर भरायला जाऊ नकोस. मैत्रिणीला ते गंमत वाटेल, पण तेच बिस्किट तू सुपरवायझरलाही देणार आहेस. नुसतं नाव घाल किंवा नावाचं पहिलं अक्षर.

वूस्टरकरीण | २२ जानेवारी

नाना, बरं झालं सांगितलंत. मी 'यू आर स्वीट' घालणार होते. मधुमेहवाल्यालाही.

पहिलं अक्षर साखळी टाक्याने घालते. भोवती साखरेचे दाणे म्हणून काचेचे मणी लावू का?

टाकाटाकी | २२ जानेवारी

घरात कुणाची तान्ही मुलं असतील, कुत्री असतील. वस्तू बिस्किटासारखी दिसते, तोंडात जाणारच. मण्यांऐवजी रंगीत दोऱ्याचे गाठीचे टाके घाल. सुईला दोन वेढे, आलीस तिथेच शेजारी परत टोचायचं, अगदी त्याच भोकात नाही, नाहीतर गाठ मागे निसटते. हाताला चांगले लागतात आणि सुटून पडत नाहीत.

वूस्टरकरीण | २८ जानेवारी

आज मोठा घोळ झाला. सहा बदाम शिवून झाले होते, कापूसही भरला होता. पिशवीत चुरगळले म्हणून म्हटलं जरा इस्त्री फिरवावी. इस्त्री सुती कपड्यांच्या खुणेवर होती. पहिल्याच बिस्किटाला लावली आणि ते चुर्र आवाज करून आक्रसलं, वर चकचकीत पापुद्रा आला, घरभर जळक्या प्लास्टिकचा वास. नवरा विचारत आला, "पापड भाजतेस का?"

बिस्किट फेकून दिलं. इस्त्रीचा तवा पुसण्यात तासभर गेला. बाकीचे पाच वाचले.

आणि दुसरी अडचण. नुसतं बिस्किट द्यायला ओकंबोकं वाटतं म्हणून मागे खिसा करून त्यात एकेक छोटं चॉकलेट ठेवावं, शेंगदाणा नसलेलं, असं ठरवलं होतं. बदामाच्या खालच्या अर्ध्या भागाचा खिसा लावून बघितला. त्या टोकात काही मावतच नाही. चॉकलेट वरच्या वर तिरपं राहतं आणि उचललं की टुणकन बाहेर.

नलूकाकू | २८ जानेवारी

पॉलिएस्टरवर इस्त्री नेहमी मंद, आणि मध्ये सुती रुमाल. हे तुला आधी सांगायला हवं होतं, चूक माझीही आहे. चुरगळलेलं फेल्ट जाड पुस्तकाखाली रात्रभर ठेवलं तरी सरळ होतं. तुझे तर आता कापूस भरलेले आहेत, त्यांना नुसतं हाताने थोपटायचं. कापूस जास्त तर नाही ना भरलास? बिस्किट चपटं दिसलं पाहिजे. कापताना उरलेल्या कतरणीच आत घाल, फुगत नाही आणि वायाही जात नाहीत.

खिशाचं मात्र मला सुचत नाही. टाकाटाकी, बघ बाई.

टाकाटाकी | २९ जानेवारी

खिसा सोडून दे. मागे आडवा पट्टा लाव, कमरपट्ट्यासारखा. दोन्ही टोकं कडेच्या काजटाक्यात धरायची, वर-खाली मोकळं. त्यात चपटी वस्तू खोवता येईल. चॉकलेटसुद्धा चपटं घे, ते शंकूसारखं नको.

कुपारी_वसई | २ फेब्रुवारी

मंडळी, मी हा धागा पहिल्यापासून वाचतोय आणि कुणीतरी बोलेल म्हणून वाट बघतोय. यंदा १४ फेब्रुवारीला राखेचा बुधवार आहे.

आमच्याकडे वसईत त्या दिवशी चर्चमध्ये कपाळाला राख लावतात. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून ती राख करतात. त्या दिवसापासून उपवासकाळ सुरू होतो तो ईस्टरपर्यंत, यंदा ईस्टर ३१ मार्चला. राखेच्या बुधवारी मांस वर्ज्य, आणि १८ ते ५९ वयाच्या लोकांनी दिवसात एकदाच पोटभर जेवायचं. चॉकलेट खाऊ नये असा काही नियम नाही, पण पुष्कळ लोक चाळीस दिवस आवडीची एक गोष्ट सोडतात आणि ती बहुतेकांची गोडच असते. माझी आई साखरेचा चहा सोडते. मी दरवर्षी वेफर्स सोडतो आणि दुसऱ्या आठवड्यात पकडतो.

मॅसॅच्युसेट्समध्ये आयरिश, इटालियन कॅथलिक भरपूर असतील. वूस्टरकरीणबाई, तुमच्या चौदांतले निम्मे तरी कपाळाला राख लावून येतील आणि तुम्ही त्यांच्या हातात चॉकलेट ठेवाल.

वूस्टरकरीण | २ फेब्रुवारी

अरे देवा!! तुम्ही बोललात म्हणून. खरंच आहे, आमच्याकडे किमान सहा जण पक्के कॅथलिक आहेत. इस्पितळाच्या चॅपेलमध्येच दुपारी राख लावतात, गेल्या वर्षी मी एकीला "तुझ्या कपाळाला काहीतरी लागलंय" म्हणून टिश्यू दिला होता. आठवलं की अजून कान गरम होतात.

मग आदल्या दिवशी, १३ ला, वाटून टाकू का?

कुपारी_वसई | २ फेब्रुवारी

चालेल की. राखेच्या आदल्या दिवशी खायची-प्यायची मजाच असते. गोव्यात तर आदले चार दिवस कार्निव्हलच चालतो.

चहा_बिस्किट | ३ फेब्रुवारी

माझ्या नावाला जागून सुचवते. चॉकलेट रद्द, त्या पट्ट्यात चहाची पुडी खोव. बिस्किटाबरोबर चहा! शेंगदाणा नाही, ग्लुटन नाही, साखर नाही, उपवासाला चालतो. तो कुपारींच्या आईलाही चालेल.

नलूकाकू | ३ फेब्रुवारी

या मुलीने धाग्यात पहिल्यांदा कामाचं काही लिहिलं.

रोखठोक_राव | ३ फेब्रुवारी

ज्या देशात लोकांनी चहा समुद्रात फेकला त्या देशात, त्याच राज्यात, चहा वाटणार? बॉस्टनचं बंदर किती लांब आहे तुमच्यापासून?

वूस्टरकरीण | ३ फेब्रुवारी

गाडीने तासभर, राव. फेकलाच कुणी तर बघून येईन.

चहाचं पक्कं. इथल्या इंडियन दुकानात वेलचीच्या चहाच्या, एकेक वेगळ्या पाकिटातल्या पुड्या मिळाल्या. साखर-दूध घातलेल्या नाहीत, मागचे घटक दोनदा वाचले. पाकीट बदामापेक्षा थोडं उंच आहे, पट्ट्यातून डोकं वर काढून बसतं. मला ते आवडलं.

वूस्टरकरीण | ११ फेब्रुवारी

आज सुपर बोल, म्हणजे इथल्या अमेरिकन फुटबॉलची फायनल. आमची टीम नाही खेळत, त्यामुळे घरात सुतकी वातावरण, पण टीव्ही चालू. पाहुणे चिप्स खातायत आणि मी कोपऱ्यात टाके घालतेय. सामना जादा वेळेत गेला तेवढ्यात दोन बदाम जास्त झाले. एकूण चौदा पूर्ण!

आणि मग मोजताना लक्षात आलं. रात्री साफसफाईला येणाऱ्या बाई. रक्ताच्या पेट्या पोचवणारा कुरिअरचा मुलगा. खालच्या दारावरचे सिक्युरिटीवाले आजोबा, जे बर्फात माझी गाडी अडकली तेव्हा फावडं घेऊन आले होते. या तिघांना मी धरलंच नव्हतं. यादी केली ती हजेरीच्या तक्त्यावरून, आणि ही माणसं त्या तक्त्यावर नसतात.

तर सतरा. अजून तीन, दोन रात्रींत. तीन शीटमध्ये छत्तीस बदाम निघाले होते, जळालेल्यात दोन गेले, उरलेले चौतीस बरोबर सतरांना पुरतात. टाकाटाकीचा हिशोब देवासारखा धावला.

नलूकाकू | १२ फेब्रुवारी

वाण लुटताना दोन-चार जास्तीची आणायची असतात ती याचसाठी. घाई करू नकोस, त्या आजोबांच्या बिस्किटाला टाके सगळ्यांत बारीक घाल.

वूस्टरकरीण | १२ फेब्रुवारी

सतरा झाले!! पण बातम्यांत उद्यासाठी मोठं हिमवादळ सांगितलंय. बॉस्टनने शाळा आजच बंद जाहीर केल्या. इस्पितळ बंद राहत नाही, पण निम्म्या लोकांनी शिफ्टा बदलून घेतल्यात, कुणी आज रात्री इथेच झोपणार, कुणी उद्या येणारच नाही. १३ ला वाटायचा बेत बोंबलला. आता १४ च.

कुपारी_वसई | १३ फेब्रुवारी

तरी बरं, चहा आहे.

न्यूजर्सीचा_नाना | १३ फेब्रुवारी

आमच्याकडे सकाळपासून फावडं चालू आहे. तुमच्याकडे किती पडला?

वूस्टरकरीण | १३ फेब्रुवारी

नाना, हसू नका. वादळ दक्षिणेला सरकलं. बॉस्टनच्या मुलांना फुकट सुट्टी मिळाली आणि माझ्या अंगणात नाव घेण्यासारखं काही पडलं नाही.

वूस्टरकरीण | १४ फेब्रुवारी, रात्री

वाटून आले. सविस्तर लिहिते, तुम्हा सगळ्यांचा हक्कच आहे.

सकाळी सगळी बिस्किटं ब्रेकरूममध्ये एका ताटात मांडली. (स्टीलचं ताट, घरून नेलं. कागदी प्लेट बरी दिसेना.) ग्लुटनवाली पहिली आली, लांबूनच थांबली आणि नेहमीचा प्रश्न, "यात ग्लुटन आहे का?" मी म्हटलं, "हातात घेऊन बघ." तिने उचललं, दाबलं, आणि एवढ्या मोठ्याने हसली की मशीनवरची माणसं बाहेर आली. म्हणाली, इतकी वर्षं या टेबलावरचं आपलं म्हणून घरी नेलेलं हे पहिलंच बिस्किट.

चिक्कीवाल्या मैत्रिणीने अक्षराभोवतीचे गाठीचे टाके मोजले. तेवीस निघाले. मला माहीत नव्हतं. तिला मी सांगितलं की आमच्या भाषेत या आकाराला बदाम म्हणतात. ती दोन सेकंद माझ्याकडे बघत राहिली. मग ती गोष्ट दिवसभर लॅबमध्ये फिरली.

दुपारी चॅपेलमधून राख लावून आलेले सहा नाही, आठ निघाले. त्यांपैकी एकाने चहा लगेच केला. बाकीच्यांनी पुड्या तशाच ठेवल्या.

सुपरवायझरने आपलं बिस्किट उलटं करून टाके नीट बघितले आणि विचारलं, कुठे शिकलीस? म्हटलं, पुण्याच्या एका काकूंकडून, ज्यांना मी कधी भेटलेले नाही.

सिक्युरिटीवाले आजोबा काही बोलले नाहीत. टोपीला लावायला पिन आहे का, एवढंच विचारलं. नव्हती. उद्या नेते.

नलूकाकू | १५ फेब्रुवारी

सेफ्टी पिन मागच्या पट्ट्याला लाव, पुढच्या थराला टोचू नकोस, भोकं दिसतात.
(आणि कधी आलीस पुण्याला तर ये. सुईदोरा घेऊन ये.)

निमूट_वाचक | १५ फेब्रुवारी

वाचून छान वाटलं. एक प्रश्न, पुढच्या महिन्यात मुलीच्या वर्गासाठी करायचे आहेत. पट्टा किती रुंद ठेवलात?

कुपारी_वसई | १५ फेब्रुवारी

अभिनंदन. २०२९ लाही राखेचा बुधवार १४ फेब्रुवारीलाच येतोय. वेलचीचा चहा आणून ठेवा.

वूस्टरकरीण | १६ फेब्रुवारी

@निमूट_वाचक: एक इंच. लांबी कापताना बदामाच्या रुंदीपेक्षा पाव इंच जास्त घ्या, ताणून लावला तर पाकीट आत शिरत नाही. पहिले दोन मी तसेच केले होते, उसवावे लागले.